ताटातला उमेदवार

१४ नोव्हेंबर
वरठी स्टेशनला उतरले, तर ऑटोवाल्याने माझी बॅग बघून आधी पक्षच विचारला. म्हटलं, दादा, मी कुणाच्या पक्षाची नाही, पगाराची आहे. खरंच तसं आहे. आमच्या पुण्याच्या सर्व्हे कंपनीने मला इथल्या नगराध्यक्षाच्या निवडणुकीसाठी धाडलंय. तरुण मतदारांना कोण आवडतं, कोण नाही, आणि का, एवढं शोधायचं. मजेचं काम!

खोली रंभाबाईंकडे मिळाली. त्यांची मुलगी टीना, नुकती अठराची, पहिलंच मत. काय कार्टी आहे! सगळ्या उमेदवारांच्या नकला करते आणि हसताना नाकातून फुर्र करते. आल्या आल्या गट्टी जमली.

संध्याकाळी शेजारच्या ओसरीवर जेवत बसलेल्यांनी मला "या जेवाले" म्हटलं. मी खरंच चप्पल काढून बसले! टीना पोट धरून हसली. इथे तसं नुसतं म्हणायची रीत आहे. आपण "होऊ द्या तुमचं" म्हणून पुढे जायचं असतं. माझं चांगलंच हसं झालं. वांगं-झिंग्याची भाजी मात्र झकास होती.

१६ नोव्हेंबर
उमेदवार भैय्याजींना भेटले. सर्व्हे त्यांचाच. साठी उलटलेला सरळ माणूस, गावात नळ यांनीच आणले. म्हणाले, गोड बोलू नका, पोट्टे माह्याकडं काहून येत नाहीत ते सांगा. मी सांगून टाकलं की तुम्ही पोरांना सारखे शिकवत असता, त्यांचं ऐकत नाही. चेहरा पडला बिचाऱ्यांचा. मलाच वाईट वाटलं.

पोरं सगळी वीरेंद्रच्या मागे. अपक्ष, चाळिशीचा. इथे प्रत्येकाची सात पिढ्यांची खबर असते, पण हा कुणाच्या घरचा ते एकालाही सांगता येईना. हे मला खटकलं.

१९ नोव्हेंबर
कारण सापडलं. वीरेंद्रला कुणी "या जेवाले" म्हटलं की तो "होऊ द्या" म्हणत नाही. आत येतो, घरातल्या तरुण पोराच्या शेजारी बसतो, त्याच्याच ताटातला एक घास खातो आणि उठतो. मोबाइल दुकानातला निकेश सांगत होता की बाकीचे नेते लांबून हात जोडतात, हा आमच्यातलाच वाटतो. बोलतोही आमच्यासारखाच.

मानलं बुवा! कुठलीतरी हुशार प्रचार-कंपनी लावली असणार. पण मग सोबत एकही कॅमेरेवाला कसा नाही?

२१ नोव्हेंबर
निकेशकडे पुन्हा गेले. परवा हाच रोजगारावरून माझ्याशी हातघाईवर आला होता. आज विचारलं, गावात काय व्हायला हवं? म्हणाला, वीरेंद्रभाऊले जे पाहिजे ते. आणि तुला? नुसता बघत राहिला. त्याची आई म्हणाली, परवा रात्री वीरेंद्र याच्या ताटातला घास खाऊन गेला, तेव्हापासून पोरगा दोन घास खाऊन उठतो, चव नाही म्हणतो. पुढच्या गल्लीतही तेच, त्याच्या पुढेही तेच. घासातून काही गोळीबिळी देतो की काय हा? पण तो तर देत काहीच नाही. घेतो.

२३ नोव्हेंबर
मी बाहेर होते. वीरेंद्र आमच्याकडे येऊन गेला. रंभाबाई सवयीने "या जेवाले" म्हणून गेल्या. टीनाच्या ताटातला वरणभात खाल्ला. एकच घास.

टीनाला म्हटलं, त्याची नक्कल करून दाखव ना. तिने तोंड उघडलं आणि मिटलं.

२५ नोव्हेंबर
दुपारी चौकात त्याची सभा. टीनाला घेऊन गेले. भाषण कसलं, गप्पाच. पोरं एकमेकांना कोपर मारून सांगत होती, पाह्य, कसा आपल्यावानी बोलते. मग तो भैय्याजींची नक्कल करून हसला.

नाकातून, फुर्र.

टीना माझ्या शेजारीच उभी होती. तिला घरी आणल्यावर गुदगुल्या केल्या. ती हसेना. मला खूप भीती वाटतेय.

२६ नोव्हेंबर
भैय्याजींना सगळं सांगितलं. ते तक्रार लिहायला बसले आणि थांबले. लिहिणार काय? जेवायला बोलावल्यावर उमेदवाराने एक घास खाल्ला?

टीना चार दिवस फक्त पाण्यावर. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे.

२८ नोव्हेंबर
रंभाबाईंना हात जोडले, आता कुणाला "या" म्हणू नका. त्या रडल्या. समोरून माणूस जात असताना न विचारता कसं जेवायचं, म्हणाल्या. शेवटी दार लावून घेतलं. गल्लीत अजून सगळे म्हणतातच — या जेवाले — या जेवाले —

टीना उठून बसेना. पुण्याहून फोन, परत ये. हिला अशी टाकून जाऊ? नाही जाणार.

३० नोव्हेंबर
टीना जेवली! आत्ता मी ताट घेऊन बसले, ती भिंत धरत धरत आली, शेजारी टेकली.

"ताई, तुमच्या ताटातला एक घास देता?"

मी हातानेच भरवला. रंभाबाई देवापुढे जाऊन आल्या. टीनाच्या गालावर रंग आला. ती हसली. पण फुर्र नाही — खळखळून — मान मागे टाकून —

रंभाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "अवो, असं तर तुमी हासता."

भात तोंडातच आहे. मीठ आहे की नाही, कळत नाही.

ती अजून एक घास मागतेय. दार उघडून बसा म्हणते, वीरेंद्रभाऊ येतील. नाही म्हणायला हवं. नाही म्हणावंसं मला — म्हणजे मला काय वाटतं ते — मला —