फासळी कोणाच्या हातची

२ फेब्रुवारी
राईस मिलमध्ये सीपीआरचं (छाती दाबून बंद पडलेलं हृदय चालू करायचं) ट्रेनिंग झालं. प्लास्टिकच्या बाहुल्यावर मी बारा वेळा दाबलं, बाहुल्याची तक्रार नाही. सर्टिफिकेट लॅमिनेट केलं. मी सुपरवायझर (लोक मुनीमजी म्हणतात), जबाबदारी माझ्यावरच. धान पाखडणारी चमेली मागे बसून हसत होती. लक्षात ठेवलं आहे.

५ फेब्रुवारी, सकाळी ६
संकल्प : रोज धानाच्या कट्ट्यावर (म्हणजे भरल्या पोत्यावर) प्रॅक्टिस. मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब, दोन इंच खोल, कोपर ताठ. तीस झाले की दोन श्वास. आज अठ्ठावीसपर्यंत गेलो. 'एकोणतीस' म्हणेपर्यंत हात थांबतो. दोष मराठीचा. उद्यापासून हिंदीत मोजणार.

६ फेब्रुवारी
उनतीस की उनत्तीस, ठरेना. गुडघे ठणकताहेत. शिवाय कट्टा फार टणक, माणूस मऊ असतो. प्रॅक्टिस बंद.

९ फेब्रुवारी, दुपारी ३
साडेबाराला हमाल यादोराव वजनकाट्याजवळ कोसळला. श्वास नाही. सगळे माझ्याकडे बघू लागले. १०८ ला फोन लावायला सांगून गुडघे टेकले.
माणूस मऊ नसतो. बाहुल्याच्या छातीत स्प्रिंग होती, याच्या छातीत तीस वर्षांची हमाली. कोपर वाकायला लागले. चाळिसाव्या दाबाला माझाच श्वास संपला, डोळ्यांपुढे अंधारी. चमेलीने खांद्याने मला बाजूला सारलं. ती मोजतही नव्हती, नुसती हुं हुं करत दाबत होती. कट्ट असा आवाज आला. मी ओरडलो, फासळी मोडली! ती थांबली नाही. नऊ मिनिटं. मग ॲम्ब्युलन्सवाल्यांनी शॉक दिला आणि नाडी लागली.
यादोराव माझ्या लग्नात नाचला होता. फार घाबरलो होतो मी.

त्याच दिवशी, संध्याकाळी ५
फासळीचं प्रकरण माझ्यावर शेकणार. कागद तयार केला : 'फासळी मुनीमजींच्या हातून मोडलेली नाही, चमेलीच्या हातून मोडली आहे.' पाच साक्षीदारांच्या सह्या. चमेली म्हणाली, माह्याच हातानं मोडली, त्यात काय, आणि तिनेही केली. कागद लॅमिनेट केला. आता निश्चिंत.

१२ फेब्रुवारी
यादोराव शुद्धीवर. आम्ही सगळे दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, नीट खोल दाबलं की फासळी कधी कधी मोडते, तेवढं दाबलं म्हणूनच माणूस वाचला. कोणी दाबलं होतं?
मी घसा खाकरला. तोवर पाचही जणांनी चमेलीचं नाव सांगितलं. एकाने तर माझाच कागद दाखवला. लॅमिनेट केलेला कागद फाटत नाही.

२० फेब्रुवारी
कामठ्याला यादोरावच्या घरी गेलो. चमेलीसाठी त्याने बोदलकसा तलावाची मासोळी मागवून ठेवली होती. मी सहज म्हटलं, पहिले चाळीस दाब माझे.
त्याने माझा हात हातात घेतला आणि फार मायेने म्हणाला, तुमच्या हाताचं तं मले काहीच लागलं नाही, मुनीमजी.