बोळकांडीतली सायकल

ता. ३ मार्च

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

हे पत्र टपालाने न पाठवता शिंपीकाकांच्या हाती देतो आहे. कापड आणायला ते तुमच्या गावी जातातच. तुझे काका पोस्टात साहेब. पाकिटावरचे माझे अक्षर पाहून त्यांनी सहज काही विचारले तरी तुला उत्तर द्यावे लागेल. वाचून झाले की जाळून टाक. तू खडूचे तुकडेसुद्धा डबीत भरून ठेवतेस, म्हणून मुद्दाम लिहितो.

काल मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नळांचा नकाशा काढत होतो. एक माणूस टेबलाशी येऊन उभा राहिला. लढाई सुरू झाल्यापासून छापील मजकुरावर नजर ठेवणारी जी नवी कचेरी निघाली आहे, तिथला तो. त्याच्या हातात ताईची, तुझ्या आईची, कादंबरी होती. पुस्तकावर पुरुषाचे बनावट नाव आहे, पण प्रकाशकाकडे पत्ता माझा. प्रकाशक घाबरला आणि त्याने तो देऊन टाकला. त्याला दोष देत नाही. मीही घाबरलो.

त्यांचे म्हणणे असे की, कादंबरीतली बाई आघाडीवरून पळून आलेल्या नवऱ्याला घरात लपवते, आणि हे वाचून शिपाई पळायला शिकतील. लेखकाने येत्या वीस तारखेला साहेबांपुढे हजर व्हावे.

लेखिका गेली, तिला जाऊन चार महिने झाले, असे सांगायला मी तोंड उघडले होते. तेवढ्यात मनात आले की पुढचा प्रश्न नावाचा असणार. नाव कळले की ते तुमच्या घरी येणार. ताईच्या खोलीत ती ट्रंक आहे, तिच्यात अर्धी राहिलेली दुसरी कादंबरी, आणि तिची निम्मी पाने तुझ्या हातची. तू सरकारी शाळेत शिकवतेस. काकांचे तर बोलायलाच नको. म्हणून मीच लेखक, असे म्हणून बसलो. त्याने माझ्या बोटांवरच्या शाईकडे पाहिले आणि त्याला ते पटले असावे. शाई नळांची होती.

आता खरी अडचण सांगतो. मी ते पुस्तक वाचलेले नाही. ताई बांधलेले पुडके द्यायची, मी पोस्टात टाकायचो. वाच असे ती म्हणाली नाही आणि मी मागितले नाही. तुझ्याकडची प्रत शिंपीकाकांबरोबर पाठव. कादंबरी कशी वाचतात, तेही दोन ओळींत कळव.

रविवारी सायकल घेऊन तुमच्याकडे यायला अजून पाय स्टेशनाकडे वळतात. मग आठवते, आणि परत फिरतो.

तब्येतीला जप. लोभ आहेच, तो तसाच राहू दे.

तुझा मामा

———

ता. ७ मार्च

ती. मामांच्या पायांशी,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी वर्गात मुलींना तोच धडा दोनदा शिकवला. दोघी हसल्या, बाकीच्यांच्या लक्षातही आलं नाही.

मामा, हे काय करून बसलात? तुम्ही साधं आजारपणाच्या रजेचं कारण सांगताना अडखळता. आई म्हणायची, माझ्या भावाला खोटं बोलायला लावलं तर तो आधी क्षमा मागेल आणि मग बोलेल. तुम्ही लेखक नाही हे साहेबांना कळलं, तर खरा लेखक कोण हे शोधल्याशिवाय ते राहणार आहेत का? शोधायला लांब जावं लागणार नाही. तुम्हाला एकच तर बहीण होती.

पण आता शब्द तोंडातून गेलाय, तर अभ्यासाला लागा. पुस्तक सोबत आहे. कादंबरी नकाशासारखी एका नजरेत बघायची नसते, पहिल्या पानापासून चालत जायचं असतं. मध्ये कंटाळा आला तरी शेवटचं पान उघडायचं नाही.

साहेब विचारतील ते प्रश्न मी काढलेत. पहिला, ही गोष्ट का लिहिली? दुसरा, त्या बाईनं नवऱ्याला परत का पाठवलं नाही? तिसरा, हल्लीच्या कादंबरीकारांपैकी तुम्हाला कोण आवडतं? या तिसऱ्यात फसाल. आधीच्या पिढीसारखे राजे-तलवारी आणि शेवटी लग्न, असं हल्लीचे लिहीत नाहीत. साधी माणसं, साधी घरं, आणि गप्प बसलेल्या माणसाच्या मनात काय चाललंय, ते लिहितात. एवढं सांगता आलं तरी पुरे.

आणि हो, एका मासिकानं लिहिलं होतं की इतकी घट्ट, निर्भीड भाषा पुरुषाच्याच हातून उतरते. आई तो कागद पंखा म्हणून वापरायची. तुमच्या उपयोगाला येईल, ध्यानात ठेवा.

काका जेवताना या पुस्तकाबद्दल बोलत होते. असल्या लेखकाला भर चौकात उभं करावं, म्हणाले. माझ्या हातातलं भांडं खाली पडलं. काकू म्हणाल्या, हिचं लक्ष हल्ली कुठे असतं कुणास ठाऊक.

उत्तरं लिहून पाठवा, मी तपासून देते. आशीर्वाद असू द्या, आणि धीर उरला असेल तर थोडा इकडेही पाठवा.

आपली,
खार

———

ता. १२ मार्च

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

वाचतो आहे. पट्टी धरून ओळीखालून ओळ सरकवतो, नाहीतर मन दुसरीकडे जाते. जिन्यावर पाऊल वाजले की पुस्तक गादीखाली घालतो. वरच्या मजल्यावरच्या छपाईकामगाराने काल सहज हाक मारली, तर मी दाराला कडी लावून उभा राहिलो. तो दिवा मागायला आला होता. कचेरीतही माझी रेघ सरळ येत नाही. मुख्य आरेखक म्हणाले की या नळातून पाणी वाहील ते लाटा घेत वाहील. सगळे हसले. मीही हसलो, कारण न हसणे बरे दिसले नसते.

उत्तरे अशी. पहिले, गोष्ट का लिहिली: लिहावीशी वाटली. दुसरे, नवऱ्याला परत का पाठवले नाही: तो थकलेला होता. तिसरे, कोण आवडते: लिहीत असताना मी दुसऱ्याचे वाचत नाही.

पुस्तकातले घर नीट कळेना, म्हणून माझ्या सवयीने मी त्याचा नकाशा काढला. पुढची खोली, स्वयंपाकघर, त्यामागे अरुंद बोळकांडी, बोळकांडीच्या टोकाला एक दार आणि आत ती बाई. दाराची बाजू ठरवताना हात थांबला. मी हे घर आधी काढलेले आहे. तुमच्या घराला नळ घेतला तेव्हा मीच मोजमाप केले होते. ताईने भिंतसुद्धा हलवलेली नाही. कागद बारीक फाडून चुलीत घातला, आणि काठीने राख ढवळली.

यावरून मला फार भीती वाटते. साहेबांचा एखादा माणूस तुमच्या घरी चहाला येऊन गेला असेल, तर त्याला हे ओळखता येईल.

सहावे प्रकरण, ज्यात त्या बाईचा भाऊ येतो, ते वाचले. त्याबद्दल प्रश्न काढू नकोस.

नीट जेवत जा. माया आहे, ती गृहीत धर.

तुझा मामा

———

ता. १६ मार्च

ती. मामांच्या पायांशी,
शि. सा. न. वि. वि.

पहिल्या दोन उत्तरांना शून्य, सुधारून वेगळ्या कागदावर लिहिली आहेत, ती पाठ करा. तिसऱ्याला पैकीच्या पैकी, सगळे लेखक हेच म्हणतात. 'लिहावीशी वाटली' हे उत्तर ऐकून साहेब तुम्हाला वेडा तरी ठरवतील नाहीतर खरंच लेखक.

सहाव्याबद्दल विचारू नकोस म्हणालात, तरी विचारावं लागणार, कारण गोची तिथेच आहे. भाऊ रोज संध्याकाळी येतो, बोळकांडीत सायकल उलटी करून तिची साखळी काढतो, पुसतो, बसवतो आणि जातो. पण पहिल्याच प्रकरणात लिहिलंय की सायकल कोरी आहे. कोऱ्या सायकलची साखळी रोज कशाला काढायची? त्याच मासिकानं हे पकडलं होतं. लेखकाला सायकलीतलं काही कळत नाही, असं छापलं होतं. मी आईला विचारलं, तर ती नुसती हसली. तिची चूक झाली असणार. तुमच्याकडे सायकल होती म्हणून तिनं ती आत घातली. मला आठवतं, लहानपणी माझ्या झग्याला तिचं काळं वंगण लागायचं, आणि काका म्हणायचे की या गृहस्थाची सायकल रस्त्यावर कमी आणि उताणी जास्त असते. तेव्हा साहेबांनी विचारलं तर सरळ 'नजरचूक झाली' म्हणा. चूक कबूल करणारा माणूस खरा वाटतो. तेवढंच म्हणा, वर काही जोडू नका.

परवा दोन अनोळखी माणसं आमच्या गल्लीत उभी होती. ती घरं बघायला आली होती, भाड्यानं. पण ते कळेपर्यंत मी ट्रंक उघडून आईचे कागद चुलीशी नेले होते. पहिलं पान हातात होतं. जमलं नाही, मामा. परत ठेवले.

दुसरी कादंबरी मधेच थांबली आहे. पुढे काय व्हायचं ते आईनं मला सांगून ठेवलंय, शेवटचे दिवस ती तेच बोलत होती. मी लिहून बघते. पण एक ओळ झाली की काकू दार ढकलतात, मग काका पेन मागायला, मग चुलतभाऊ उगाच. कागद लपवून लपवून मला धाप लागते. आई याच खोलीत, याच माणसांत, एवढं सगळं कधी आणि कसं लिहायची? तेव्हा कुणी दार ढकलल्याचं मला आठवतच नाही.

वीस तारखेला मी शाळेत असेन. काय शिकवेन ते मला माहीत नाही. सांभाळून जा, सांभाळून या. या, एवढंच महत्त्वाचं.

आपली,
खार

———

ता. २१ मार्च

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

मी घरी आहे. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचे तू श्वास घेऊन वाचशील.

साहेब वयाने माझ्याएवढेच होते. चष्मा पुसत होते. बाजूला कारकून. मला बसायला खुर्ची दिली, मी टाचा जमिनीला दाबून बसलो. पुस्तकात त्यांनी जागोजागी कागदाचे कपटे घातले होते. त्यांनी ते माझ्यापेक्षा नीट वाचले आहे. गोष्ट का लिहिली, असे त्यांनी विचारले. मी तुझे सुधारलेले उत्तर पाठ केले होते, पण एक शब्द आठवेना. लिहावीशी वाटली, एवढेच म्हणालो. कारकुनाने वर पाहिले. साहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले की गृहस्था, हे पुस्तक तुम्ही लिहिलेले दिसत नाही. कोणाला पाठीशी घालता आहात ते सांगा आणि मोकळे व्हा.

खारूताई, त्या क्षणी मला तुझी शाळा दिसली, ती ट्रंक दिसली.

नंतर त्यांनी सहावे प्रकरण उघडले. म्हणाले की मी स्वतः सायकल चालवतो. कोऱ्या सायकलची साखळी रोज काढणारा माणूस मूर्ख असतो, आणि या भावाला तर आत कोण लपले आहे हे ठाऊकही नाही. मग तो तिथे करतो काय? लेखक असाल तर एवढे सांगा.

नजरचूक म्हणायला तू सांगितले होतेस. शब्द जिभेवर आला होता. पण ती नजरचूक नाही. ताईची चूक नसताना तिच्या माघारी मी ती तिच्या माथी कशी मारू?

मी सांगितले की तो सायकल दुरुस्त करत नाही. बोळकांडी अरुंद आहे. सायकल उलटी करून सुटे भाग मांडले की पलीकडे कोणाला जाता येत नाही. वंगण लागेल म्हणून बायका मागे फिरतात, पुरुष टोमणा मारून मागे फिरतात. आत काय चालले आहे ते त्याने कधी विचारले नाही. तिला दार बंद हवे आहे एवढे त्याला कळले, तेवढे त्याला पुरे होते.

साहेबांनी विचारले की मग हे पुस्तकात कुठे लिहिलेले का नाही. मी म्हणालो की त्याने ते कोणाला सांगितले नव्हते. बहिणीलाही नाही. तिला कळले असेल असे त्याला वाटले नव्हते.

साहेबांनी पुस्तक मिटले आणि लेखक हजर झाला असे लिहून घ्या, म्हणून कारकुनाला सांगितले. पुस्तकाच्या उरलेल्या प्रती जप्त होतील. मला ताकीद मिळाली. यापुढे आयुष्यात एकही कादंबरी लिहिणार नाही, अशा हमीवर सही करायला लावली. इतक्या खुशीने मी कुठेच सही केली नसेल. निघताना साहेब म्हणाले की लिहायची खोड जाणार नसेल तर सायकलीवर लिहा, शिपायांच्या वाटेला जाऊ नका.

भीती गेलेली नाही. आजही जिन्यावर पाऊल वाजले तर उठून बसतो. कचेरीत कधी कळेल आणि कळल्यावर काय होईल, ठाऊक नाही. जप्त झालेल्या पुस्तकाचे दुःखही आहे. ताईने मला त्यात ठेवले होते आणि मी ते इतक्या उशिरा वाचले.

ताईच्या त्या दुसऱ्या कादंबरीत काय आहे ते मला सांगू नकोस. तिला जे पुढे न्यायचे होते, ते तू ने. ओळ न थांबता पुरी व्हायला हवी, हे मला नकाशे काढून कळते. मी दोन महिन्यांच्या रजेचा अर्ज दिला आहे. तुमच्या गावी स्टेशनाजवळ खोली घेईन. संध्याकाळी तुमच्याकडे येत जाईन. काका टोमणे मारतील, मारू देत. आता ते मला सवयीचे आहेत.

हमीचा कागद मी दोनदा नीट वाचला. त्यात सायकलीबद्दल एक अक्षरही नाही.

शनिवारी पोहोचतो. बोळकांडीतल्या बादल्या तेवढ्या बाजूला करून ठेव, आणि आत गेलीस की दार लावून घे.

तुझा मामा