ताणाची दोरी

बेंबळी, ५ मे २०२५

ती. दगडोबाकाकांना शिवांजलीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडावं लागतं, म्हणून पत्र. लोहाऱ्याच्या लग्नात आपण घातलेल्या मंडपाचं तोंड मावळतीला झालं. चार वाजता पंगतीतल्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांवर ऊन! मुलीच्या वडिलांनी सगळ्यांदेखत माझी खरडपट्टी काढली. आपले जुने कारागीर गौरीशंकरमामा, त्यांना हे आधीच कळलं होतं. का बोलला नाहीत, असं विचारलं तर, मला कुणी इचारलंच न्हाय, एवढंच म्हणाले. प्रत्येकानं आपल्याला ठाऊक असलेलं लिहावं म्हणून मी वही ठेवली, ती त्यांनी कोरीच परत केली. आता महिनाअखेर ते वाशीच्या एका मंडपवाल्याकडं चालले आहेत. बावीस वर्षांचं सगळं त्यांच्या डोक्यात आहे. ते गेले तर माझं काही खरं नाही. तुम्ही त्यांना समजवा. काकूंना नमस्कार. माझ्यावर रागावलात तरी माया आटू देऊ नका.

तुमची शिवांजली

तुळजापूर, ९ मे २०२५

चि. शिवांजलीस अनेक आशीर्वाद.

तुझं अक्षर अजून मुंग्यांच्या रांगेसारखंच, भिंग घ्यावं लागलं. वही कोरी राहिली त्याला कारण मी आहे. तू लहान होतीस तेव्हा एका लग्नात वाऱ्यानं आपला मंडप बसला. गौरीशंकरनं ताणाची दोरी नीट बांधली नाही, असं मी साऱ्या वऱ्हाडासमोर म्हणालो. खरं तर टेम्पो आत घ्यायला ती दोरी मीच सैल केली आणि परत ओढायची विसरलो. तेव्हापासून तो विचारल्याशिवाय बोलत नाही. धंदा तुझ्या हाती दिला, पण हे सांगितलं नाही. लाज वाटली. हे पत्र त्याच्यासमोर, कामावरच्या सगळ्या पोरांसमोर मोठ्यानं वाच. माझं नाव गाळू नकोस. उन्हात फिरू नकोस, आणि या म्हाताऱ्याला अंतर देऊ नकोस.

तुझा दगडोबाकाका

बेंबळी, १ जून २०२५

ती. काकांना शि. सा. न. वि. वि.

गोदामात चहाच्या वेळी पत्र वाचलं. मामांनी पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, दोरी सैल दिसली व्हती, पण मालकानं सोडलेली दोरी आपण कशी वढावी म्हणून गप बसलो. मग मीही माझी चूक सांगितली. लोहाऱ्याची जागा न बघताच मी फोनवरून मंडप ठरवला होता. त्यावर पोरांची तोंडं उघडली. कुठल्या गावात खड्डा घेताना खडक लागतो, कुठं दुपारनंतर वारा फिरतो, ते मामा सांगत गेले आणि मी लिहीत गेले. पंधरा दिवसांत चाळीस पानं भरली.

मामा मात्र थांबले नाहीत. वाशीला शब्द दिला होता. काल निघताना त्यांनी तुमचं पत्र मागून घेतलं. बायकोला वाचून दाखवायचंय म्हणाले. काका, वाऱ्यानं बसलेला तो मंडप त्यांच्या मेव्हणीच्या लग्नाचा होता, हे मला तेव्हा कळलं; तुम्ही लिहिलं नव्हतंत.

लोभ आहेच, तो राहू द्या.

तुमची शिवांजली