विमलाचे गाऱ्हाणे

सर्वण, डिचोली
दि. १२ जानेवारी २०२४

चि. सगुण यास ताईचे भरघोस आशीर्वाद.

वि. वि. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडले की सगळ्या वाड्याला आपल्या घरची बातमी कळते, म्हणून पत्र. शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षे झाली, पण माझा आवाज अजून नोकरीत आहे.

आमचे महिला भजनी मंडळ वर्षभर दर शनिवारी सरकारी आश्रयगृहात जाते, हे तुला ठाऊक आहे. तुमच्या पेडण्याच्या किनाऱ्यावर कामाच्या नावाखाली आणून धंद्याला लावलेल्या परराज्यांतल्या बायका पोलिसांनी सोडवल्या की तिथे ठेवतात. पहिल्या शनिवारी आम्ही प्रत्येकीची खण-नारळाने ओटी भरली. त्यांनी साबण मागितला. साबण नेला नव्हता, म्हणून दोन अभंग जास्त म्हटले.

त्यांतली विमला बल्लारीकडची. हॉटेलात भांडी घासायला म्हणून आणली आणि दोन वर्षे एका घरात कोंडून ठेवली. मे महिन्यात सुटली. कोर्टाने मोकळी केल्यावर भावाने फोन उचलणे बंद केले, तेव्हा मी तिला घरामागच्या खोलीत आणले. देवळातल्या महाप्रसादाला वाटण वाटते, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. पण देवस्थानचे अध्यक्ष रघुनाथबाब म्हणाले की ही गावात राहावी की नाही ते देवीला विचारूया. परवा देवीच्या मूर्तीला पाकळ्या चिकटवून कौल लावला. पाकळी डावी पडली, म्हणजे देवीचा नकार. आता शिगम्याआधी तिला हलवायचे आहे, आणि आश्रयगृह परत घेत नाही.

देवीचा शब्द मी कधी मोडलेला नाही. पण तिला आणणारा दलाल अजून बाजारात फिरताना दिसतो. ती इथून निघाली तर कुठे पोचेल ते मला कळते. तीन दिवस जेवण गोड लागलेले नाही. काय करू ते लिही.

पत्राला उत्तर आणि ताईवर माया, दोन्ही वेळेवर असू दे.
तुझी
प्रभाताई


तुये, पेडणे
दि. १८ जानेवारी २०२४

ती. प्रभाताईस धाकट्याचा वाकून नमस्कार.

वि. वि. पत्र पावले. तू मला सल्ला विचारलास हे वाचून मी पाकीट उलटून पत्ता पुन्हा पाहिला.

एकच विचारतो. कौलाआधी देवीपुढे गाऱ्हाणे कुणी घातले? आमच्या गौरेशच्या कतारच्या नोकरीचा कौल मी लावला होता. डावा झाला. तेव्हा गुरवाने मला चारचौघांत झापले, की ज्याची अडचण त्यानेच नारळ धरून समोर उभे राहायचे असते. पोरगा जाऊ नये असे मला आतून वाटत होते, ते देवाने ओळखले असणार. पुढच्या सोमवारी गौरेश स्वतः उभा राहिला आणि उजवा झाला. आता तिथून उकाड्याची तक्रार करतो.

त्या दिवशी विमला कुठे होती? वाटणावर बसली असेल, तर तो कौल तिचा नव्हे. रघुनाथबाबांना एवढा नियम दाखव. दयेपेक्षा नियम ऐकणारा माणूस आहे तो. आणि तिला सर्वणला राहायचे आहे का, हेही कुणीतरी विचारलेले बरे. माझ्या लग्नात ते विचारायचे राहून गेले होते. तक्रार करत नाही, उदाहरण दिले.

आहे तो लोभ वाढला नाही तरी चालेल, कमी करू नकोस.
तुझा
सगुण


सर्वण
दि. ३० जानेवारी २०२४

चि. सगुण यास अनेक आशीर्वाद, या वेळी दोन जास्त.

वि. वि. तुझे खरे ठरले, हे लिहायला मला आठ दिवस लागले. रघुनाथबाबांनी गाऱ्हाणे घातले होते ते असे, की प्रभावतीने आणलेल्या बाईचा त्रास गावाने सोसावा काय. असे विचारल्यावर कुठलीही देवी दुसरे काय सांगणार? नियम दाखवला, भटजींनी मान डोलावली, काल पुन्हा कौल लावला.

विमला न्हाऊन आली, नारळ धरून उभी राहिली. तिला आपले गाऱ्हाणे येत नाही. भटजी म्हणाले, देवीला सगळे समजते, तुझ्या भाषेत बोल. ती कानडीत बोलली, बराच वेळ बोलली. रघुनाथबाबांनी दोनदा घड्याळ पाहिले. तिने डोळे उघडण्याआधीच उजवी पाकळी पडली. मंडळाने टाळ्या वाजवल्या, त्यांतल्या श्रद्धाने पेटी नसताना आरती सुरू केली.

घरी आल्यावर मी तिला पेज वाढली आणि म्हटले, आता तू आमची झालीस. तिने ताट खाली ठेवले आणि मोडक्यातोडक्या कोंकणीत सांगितले, की आपण ते मागितलेच नाही. त्या घरात रेश्मा नावाची तिची सोबतीण अजून आहे. मे महिन्यात पोलीस आले तेव्हा मालकाने तिला मागच्या खोलीत दडवली होती. बोललीस तर ती जिवंत दिसणार नाही, असे त्याने विमलाला बजावले होते. म्हणून तिने देवीला विचारले, मी दार दाखवायला गेले तर रेश्मा जिवंत बाहेर येईल काय? स्वतःचे विचारायचे राहिले. एका नारळाला एकच विचारायचे असते, असे तिला कुणीतरी सांगितले होते.

सगुण, आठ महिने ती हे पोटात घेऊन हिंडत होती. आणि त्या घराविषयी तिला काही विचारायचे नाही, हा मंडळातला नियम माझाच होता. मला वाटले ते सभ्यपणाचे आहे. मला फार लाज वाटली.

रघुनाथबाबांना सांगितले, तर म्हणाले कौल तो कौल, आणि स्वतःची व्हॅन दिली. पोलिसांतल्या बाईंशी बोलणे झाले आहे. मंडळ नको, एकटी विमला पुरे, असे त्यांनी दोनदा सांगितले. आठ तारखेच्या गुरुवारी तू तिच्यासोबत राहा.

जपून जा. तुझ्याकडेच डोळे लागले आहेत.
प्रभाताई


तुये
दि. ९ फेब्रुवारी २०२४

ती. प्रभाताईस नमस्कार.

वि. वि. विमला आणि व्हॅन दोन्ही सुखरूप पोचल्याचे कळले. ती तुला काही सांगणार नाही, म्हणून मी लिहितो.

पोलिसांनी मला पंच म्हणून घेतले. घर नीटनेटके, पुढे तुळस, जनेलांना नवे पडदे. जामिनावर सुटलेल्या मालकाने आम्हाला चहा विचारला. सगळ्या खोल्या पाहून झाल्या, कुणी नाही. मग विमला स्वयंपाकघरात गेली आणि कपड्यांच्या एका मोठ्या आर्माराकडे बोट दाखवले. स्वयंपाकघरात कपड्यांचे आर्मार का, हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आले नव्हते. दोन शिपायांनी ते सरकवले. मागे दार होते.

रेश्मा चालत बाहेर आली. अंगात ताप होता. तिने विमलाला पाहिले आणि एक थोबाडीत ठेवून दिली. आठ महिने, एवढेच म्हणाली. मग तिचा हात धरला तो आश्रयगृहाच्या फाटकापर्यंत सोडला नाही. मालक कोठडीत आहे. पंचनाम्यावर सही करताना मी तारीख चुकवली, साहेबबाईंना वाटले वय झाले.

त्या घरापासून तुये किती लांब आहे? तरी मला यातले काही माहीत नव्हते. हे मला लागले आहे.

तुझ्या आशीर्वादाची आज खरेच गरज असलेला,
सगुण


सर्वण
दि. १६ फेब्रुवारी २०२४

चि. सगुण यास पोटापासून आशीर्वाद.

वि. वि. विमलाच्या राहण्याचे अजून ठरायचे आहे, तर तिसरा कौल लावूया, असे रघुनाथबाब म्हणाले. मी म्हटले, आधी तिला विचारते.

काल विहिरीवर विचारले, तुला इथे राहायचे आहे काय? तिने उलट मलाच विचारले, नाही म्हटले तर रागावशील? मी म्हटले, दोन दिवस रागावेन, मग वाटेसाठी लाडू बांधून देईन. ती हसली. या घरात तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिले. मग बादली भरून घेतली आणि म्हणाली, असे मला आजवर कुणी विचारलेले नाही, सांगायला थोडे दिवस लागतील.

रघुनाथबाबांना तसे कळवले आहे. गाव थांबायला तयार आहे.

ताईला विसरू नकोस.
प्रभाताई