दोनशे मायक्रोसेकंद

सोम., ९ फेब्रु.
सकाळी नऊला कामत सरांचा फोन. आपल्या कंपनीचा एक सिरिंज पंप, शिरेत हळूहळू औषध ढकलणारा, इथल्याच, पनवेलच्या एका छोट्या हॉस्पिटलात गप्प राहिला. शनिवारी नळीला पीळ पडला, औषध पुढे जाईना, आणि अलार्म वाजलाच नाही. पेशंटचं बीपी उतरत गेलं. सिस्टर चादर बदलायला आल्या म्हणून लक्षात आलं. माणूस वाचला.
"तू जवळ राहतेस, बघून ये."
गेले. तिथली यंत्रं म्हात्रे सांभाळतात. उरणकडचे, पन्नाशीचे. म्हणाले, "म्याडम, आमी बंद करून चालू केला, तर झक्कास वाजला. आता काय सांगनार?"
त्याच्याऐवजी त्यांना माझ्याकडचा चाचणीचा एकुलता पंप दिला, हा घरी आणला.

मंगळ., १०
डायनिंग टेबलावर पंप. नळी चिमटीत दाबते, वाजतो. सोडते, परत दाबते. वाजतो. दिवसभर हेच.
सुनील ऑफिसला निघताना म्हणाला, "चांगला चाललाय की गं."
हो. तेच तर.

बुध., ११
सापडलं. स्क्रीनवरचा आलेख, वाय-फाय, नोंदी, वॉर्डात असतं तसं सगळं एकदम चालू ठेवलं. नळी दाबली. गप्प. बोटं दुखेपर्यंत दाबून धरली. स्क्रीनवर दाब नॉर्मल, हिरव्या अक्षरात.
कुठे अडतंय ते बघायला ड्रायव्हरमध्ये, म्हणजे दाब मोजणाऱ्या चिपशी बोलणाऱ्या प्रोग्राममध्ये, चिपला विचारणं आणि आकडा वाचणं यांच्या मधोमध, एक प्रिंट, म्हणजे एक ओळ छापायची सूचना, टाकला. लगेच वाजायला लागला! प्रिंट काढला, गप्प. परत टाकला, वाजतो. म्हणजे प्रिंटला जो क्षणभर लागतो तेवढाच कमी पडतोय. बघायला गेलं की चूक नाहीशी, पाठ फिरवली की हजर.
तिथलं थांबणं कोणी लिहिलंय हे मला फाइल न उघडता माहीत आहे.

गुरु., १२
माझीच ओळ. सहा वर्षांपूर्वीची.
दाब मोजणाऱ्या चिपला विचारायचं, दोनशे मायक्रोसेकंद थांबायचं, मग वाचायचं. त्याआधी वाचलं तर ती चिप मोजणं अर्धवट सोडते आणि मागचाच आकडा परत देते. मागचा आकडा म्हणजे 'सगळं ठीक'.
कर्नलचं, म्हणजे सिस्टिमचं स्वतःचं, घड्याळ वापरायचं सोडून मी तिथे प्रोसेसरला नुसत्या रिकाम्या फेऱ्या मोजायला लावल्यात. अमुक इतक्या फेऱ्या म्हणजे दोनशे. जुन्या प्रोसेसरवर बरोबर होतं. गेल्या वर्षी पंपात नवा सर्किट बोर्ड घेतला, त्याचा प्रोसेसर काम वाढलं की वेग वाढवतो. फेऱ्या तेवढ्याच, पण संपतात निम्म्या वेळात.
ओळीशेजारी टीप: तात्पुरतं, नंतर बदलणे – वै. पा.
दुसऱ्या दिवशी डेमो होता. एवढंच कारण. याहून मोठं काहीतरी आठवायचा प्रयत्न करतेय, आठवत नाही.
दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. आता टेबलावरचा पंप कितीही काम असलं तरी वाजतो. हा एकच.

शुक्र., १३
ऑफिस. कामत सरांना सगळं दाखवलं. माणूस वाईट नाही. ओळ वाचून चष्मा पुसला, परत वाचली.
"नवं सॉफ्टवेअर असं थेट नाही घालता येत, वैशाली. चाचण्या, मग प्रमाणपत्र. दोन-तीन महिने धर."
"तोवर पंप परत मागवू."
"आणि त्यांना द्यायचं काय? आपल्याकडे पंप आहेत कुठे?"
"निदान कळवू तरी."
"वर विचारतो. तू परस्पर काही लिहू नकोस. प्लीज."
दुपारी वरून उत्तर आलं: एका घटनेवरून घबराट नको. आधी पूर्ण अहवाल.
अहवाल मीच लिहायचाय.

शनि., १४
राहवेना. म्हात्रेंना फोन केला. "ते पंप वापरू नका."
"म्याडम, चारच हायत. चारी लागलेले हायत. काढून ठेवू नि मग? हातानं औषध कोन ढकलनार?"
मग तेच म्हणाले, "एक काम करा. लिवून द्या. मी डॉक्टरना दाखवतो. माज्या सांगन्यावर कोन इस्वास ठेवनार?"
लिहून द्या म्हटल्यावर... सोमवारी बघते म्हटलं. फोन ठेवल्यावर स्वतःचीच लाज वाटली. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

रवि., १५
पत्र चार वेळा लिहिलं. चौथं निम्म्या पानाचं झालं. चूक काय, दुरुस्ती होईतो नळीवर नजर ठेवा, ओळ माझी आहे. सुनील वाचून म्हणाला, "नोकरी जाईल." मग म्हणाला, "दे. पण मी घाबरलोय हे तुला माहीत असू दे."

सोम., १६
सही केली. कामत सरांना प्रत पाठवली. त्यांचे तीन मिस्ड कॉल, उचलले नाहीत.
हॉस्पिटलात गेले तर डॉक्टर ऑपरेशनमध्ये. पत्र म्हात्रेंनी घेतलं, उभ्याउभ्याच वाचलं, घडी करून खिशात ठेवलं. "देतो. पन मशीन हेच ऱ्हानार, म्याडम. दुसरा नाय."
परत फिरताना वॉर्डात आपला पंप दिसला. खाटेवर एक म्हातारा, शेजारी त्याची बायको, उलव्याकडची. माझ्या गळ्यातलं ओळखपत्र बघून म्हणाली, "तुमी मशीनवाल्या ना? चांगला हाय ना ह्यो?"
'हो' म्हणता येईना. 'नाही' म्हणून हातात देण्यासारखं काहीच नव्हतं.
म्हटलं, "मावशी, ही नळी बघत राहा. दुमडली, दबली की लगेच सिस्टरना हाक मारा. मशीन वाजायची वाट बघू नका."
तिने स्टूल ओढलं, नळीच्या अगदी जवळ बसली, नळीवर नजर लावली. मी दारापर्यंत पोचले तेव्हा मागून हाक आली.
"बाय, नि माजा डोला लागला तर?"