शिक्क्यासकट

ता. ३ ऑगस्ट

ती. आत्यास सा. न. वि. वि.

कॉलेज सोडून घरी बसलो होतो, तेव्हा तूच मला ग्रंथालयातल्या झेरॉक्सवर बसवलंस. अभ्यासापुरतं एखादं प्रकरण द्यायचं, अख्खं पुस्तक कधीच नाही, कायदा तसा आहे, हेही बजावलंस. ते औषधांचं जाडजूड पुस्तक, एकच प्रत, घरी न्यायला मनाई. ती नर्सिंगवाली रोज उभ्यानं वाचायची. मला बघवेना. पूर्ण पुस्तक काढलं, बाइंडिंग केलं, वर सोनेरी अक्षरांत तिचं नाव घातलं. तिच्या मैत्रिणींनी त्यावरून बाहेर प्रती काढल्या, त्या प्रकाशकाच्या माणसाला सापडल्या. पहिल्याच पानावर तुझ्या ग्रंथालयाचा गोल शिक्का! तो झाकायचंही मला सुचलं नाही. समितीनं तुला बोलावलं आणि मी मित्राच्या खोलीवर पळून आलो. तोंड दाखवायला जागा नाही.

शिव्या दे, पण उत्तर दे.
तुझा फटाक्या


ता. ९ ऑगस्ट

चि. फटाक्यास अनेक आशीर्वाद.

मशीन माझ्या ताब्यात, म्हणून दोष माझा, असं सांगून मी मोकळी झाले. नोकरी वाचली, मशीनला टाळं लागलं. आता एका प्रकरणासाठी लांबून आलेल्या पोरीही हात हलवत परत जातात. ती प्रत तिनं आणून दिली, सोनेरी नाव खरवडून. मजनूसाहेब, लाजून तिथं लपण्याचा कुणाला उपयोग नाही. ज्या आवाजात सरांशी भांडून कॉलेज सोडलंस, तो घेऊन इकडे ये. काम आहे.

जेवत जा. माया आहे तशीच आहे.
आत्या


ता. २८ ऑगस्ट

ती. आत्यास सा. न.

ताईच्या बाळंतपणाला तू गेलीस, तिकडे बाळ-बाळंतीण सुखरूप असतील. तू गेल्यावर समितीपुढे जाऊन खरं ते सांगितलं. अध्यक्षांनी नुसता चष्मा पुसला. ओरडले असते तर बरं झालं असतं. टाळं काही निघालं नाही.

तू नेमून दिल्याप्रमाणे दुपारी वाचनकक्षात त्या पुस्तकातलं थोडं थोडं मोठ्यानं वाचतो, मुली टिपून घेतात. औषधांच्या नावांवर ठेचकाळलो की खुसखुसतात. ती मागच्या बाकावर असते, मान वर करत नाही. काल तिच्याकडे बघता बघता माझी ओळ सुटली. वहीतून डोकं न काढता ती म्हणाली, "पुन्हा वाच. मात्रा चुकली तर माणूस जातो."

पुन्हा वाचलं. या खेपेला पुस्तकात बघून.

राग उरला असेल तर राहू दे, लोभही राहू दे.
तुझा फटाक्या