अडकित्त्यासकट वजन

अडकित्ता तुझा होता, पण पोर माझी होती, आये. तिचं खरं वजन मागायचा हक्क मला होता, एवढी साधी गोष्ट तुझ्या डोक्यात शिरली नाही. चूक दाखवली म्हणून तू माझ्याशी बोलणं टाकलंस ते जाईपर्यंत टाकलंस. शेवटच्या दिवशी मी तुझ्या उशाशी बसलेले, हात लांब केला तर तुझ्या केसांना लागेल इतकी जवळ, आणि तू मावशीला म्हणतेस, "तिला सांग, दार लोट, वारा येतोय." मी उठले, दार लोटलं. तेवढंच आपलं शेवटचं बोलणं, तेही मावशीच्या तोंडून. आता पत्रात नमस्कार लिहायचा तर लिहिते. मी चौथी शिकलेली, अक्षर कोंबडीच्या पायासारखं, पण तुला तेही वाचता येत नव्हतं, तेव्हा नाक मुरडू नकोस.

सरकारी संशोधन केंद्राची जीप कोलशेतला पहिल्यांदा आली तो दिवस आठवतो? सगळ्यांना वाटलं, नसबंदीवाले आले. आपले बाप्ये जाळी टाकून खाडीकडे पळाले, माझा नवरा तर होडीत आडवा झोपला. जीपमधून उतरली एक बारीकशी डॉक्टरीणबाई, डोक्यावर छत्री, पायात कॅनव्हासचे बूट. तिला बाप्यांशी काही कामच नव्हतं. तिला पोरं तोलायची होती. नुकतं जन्मलेलं पोर किती भरतं, पुढे कसं वाढतं, किती वेळा आजारी पडतं, हे खाडीकाठच्या गावांतून त्यांना बघायचं होतं. अडीच किलोच्या खाली भरलं तर त्या पोराला जपायचं, जीपने ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं, असं तिने समजावलं. गावातली बाळंतपणं तुझ्याच हातची, म्हणून ती थेट तुझ्या ओट्यावर येऊन बसली. तू म्हणालीस, "पोर म्हंजी काय भाजी हाय, तोलाला? तोललेल्या पोराला नजर लागतं, बाय." ती हसली, तुझ्या हातचा चहा प्यायली आणि दुसऱ्या दिवशी परत आली. तिसऱ्या खेपेला तू हो म्हणालीस. मला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं, कारण तू कोणाचं एकदा ऐकलंस असं माझ्या बघण्यात नाही.

मग तुला शिक्षण दिलं, पत्र्याची पेटी दिली, तिच्यात साबण, नवी ब्लेडं, दोरा. आणि स्प्रिंगचा काटा दिला, वर कडी, खाली आकडा. तू पोराला कपड्यात गुंडाळून झोळी करायचीस, झोळी आकड्याला अडकवायचीस, आणि मी काट्यावरचं वजन वाचून वहीत लिहायचे. त्यासाठी मला केंद्राने रोजावर ठेवलेलं. गुंडाळायचं काम तू कोणाला करू द्यायची नाहीस. आम्हाला वाटायचं, सुईणीचा मान आहे, तिचा तिने राखावा. सटवीची पूजा होईपर्यंत, म्हणजे सहाव्या दिवसापर्यंत, बाळ लोखंडाशिवाय ठेवायचं नाही हे तुझं गावाला पाठ होतं. तुझा तो काळा अडकित्ता दर बाळंतिणीच्या उशाशी असायचा. पण तो झोळीतही जातो हे कोणाच्या मनात यावं? तू काटा का घेतलास ते मला उशिरा कळलं. नुसतं पोर तू कधी तोलणारच नव्हतीस. तू त्यांचं ऐकलं नव्हतंस, त्यांच्या काट्याला आपली रीत शिकवली होतीस.

वर्षभराने बाई खूश. म्हणाल्या, बाकीच्या गावांपेक्षा तुमची पोरं भरलेली जन्मतात, साहेबांना दाखवलं, सगळ्यांना वाटतंय हा मासळीचा गुण असावा. मग काय विचारता! गरोदर बायकांनी जवळा खावा, सुके बोंबील खावेत, असं दुसऱ्या गावांतल्या बायकांना सांगायला लागले. केंद्रात छोटा कार्यक्रम झाला, तुला बोलावलं, शाल दिली, स्टीलचा मोठा डबा दिला. तू शाल पेटीत ठेवलीस आणि डबा ओट्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. मावशी, तुझी पाठची बहीण, तुझ्याच घरात राहायची, ती म्हणाली, "अगं, डब्यात काय तरी ठेव." तू म्हणालीस, "ठेवलाय ना. मान ठेवलाय." मीही हसले होते तेव्हा. मला तुझा अभिमान वाटला होता, हे लिहून ठेवते, नाहीतर तू म्हणशील पोरीला पहिल्यापासून सलत होतं.

त्यानंतर माझी तिसरी वेळ. दोन मुलगे झालेले, बाळंतपणाची भीती नव्हती. मुलगी झाली, तू तोललीस, मी खाटेवरूनच सवयीने काट्याकडे बघितलं, अडीचच्या चांगली वर. पण हाताला पोर हलकी लागत होती, आये. हात खोटं सांगत नाहीत, हे तूच शिकवलेलं. दुसऱ्या दिवशी ती नीट ओढेना, रडली तर मांजराच्या पिल्लासारखी. तू म्हणालीस, "लेकीची जात, शिकल हलूहलू." मी पडून राहिले, खाली शेगडीचा शेक, आणि डोळ्यांसमोर शेजारणीचा मुलगा. तोही काट्यावर चांगला भरलेला, मीच वाचलेला आकडा, आणि पंधरवड्यात गेला. तेव्हा आपण सगळ्या म्हणालो, दृष्ट लागली. त्याच विचारात होते, आणि तू आलीस, पोरीचं दुपटं बदललंस, नवं गुंडाळताना अडकित्ता उशाशी नाही, कपड्याच्या घडीत सरकवलास. सहज, जसं आपण पदर खोचतो. मला दिसलं आणि अंगातला शेक गेला.

तिसऱ्या दिवशी बाई फेरीला आल्या. वही बघितली, म्हणाल्या, "वा, आजी, नातही तुमच्या गावाला शोभणारी." छत्री उचलून निघाल्याही. मी म्हटलं, "बाई, परत तोला. माझ्यासमोर." तू माझ्याकडे बघितलंस. पोरीला गुंडाळलंस, आकड्याला अडकवणार तेवढ्यात मी खाटेवरून वाकून कपड्याची घडी ओढली. अडकित्ता ठणकन जमिनीवर. काटा मग जिथे थांबला, तिथे बघून बाईंचा चेहरा उतरला. अडीचच्या बराच खाली. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आजी, सगळीच बाळं अशी तोललीत?" तू म्हणालीस, "मंग? नागडी तोलू? लोखंडाबिगर?" तुला खरंच कळत नव्हतं यात चुकीचं काय ते. पोराची राखण केली, त्यात गुन्हा कसला?

बाई म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात. तू दारात आडवी. "सटवी झाल्याबिगर बालंतीण उंबरा वलांडनार नाय." मी म्हटलं, "आये, सटवी नशीब लिहायला आली तर तिला म्हणावं ठाण्याला ये." पोरीला छातीशी धरून तुझ्या हाताखालून गेले आणि जीपमध्ये बसले. जीप चालू झाली तशी मावशी धावत आली, माझ्या मांडीवर अडकित्ता टाकला. म्हणाली, "ती म्हणते, लोखंड घेऊन जा." तो तुझा पहिला निरोप. दवाखान्यात नर्सने तो उशीखाली बघून विचारलं, सुपारी चालू आहे का? मी म्हटलं, राहू दे, कोणाला चावत नाही. पोर जगली. नळीने दूध पाजून, कापसात गुंडाळून, पण जगली.

बाई नंतर तुझ्याकडे परत आल्या, हे मावशीने सांगितलं. त्या म्हणाल्या होत्या, अडकित्ता राहू द्या, आपण आधी त्याचं एकट्याचं वजन करू, मग दोघांचं, मग वजा करू. किती साधं होतं! तू पत्र्याची पेटी आणि काटा त्यांच्या पायापाशी ठेवलास. गावातली जुनी सगळी वजनं त्यांनी वहीतून खोडली, मासळीचं कौतुकही थांबलं. मग तू मावशीला म्हणालीस, "तिला सांग, मी आनलेली पोरं गावात खेलतात ती बघून ये." बघितली, आये. तुझा हात चांगला होता, एकही नाळ तू घाण ब्लेडने कापली नाहीस. पण खेळत नाहीत ती दिसत नाहीत, हे तुला कोण सांगणार होतं? मी सांगितलं. बरोबर केलं. आज तीच वेळ आली तर त्याच हाताने घडी ओढीन.

ती मांजराच्या पिल्लासारखी रडणारी गेल्या आठवड्यात कल्याणला बाळंत झाली. मुलगी. आता काटा आडवा असतो, तबकासारखा, त्यावर लाल आकडे पेटतात. मी पिशवीतून अडकित्ता काढला. नर्स, विठ्ठलवाडीची चुणचुणीत पोरगी, म्हणाली, "अहो आजी, हे काय, इथे सुपारी कातरणार?" म्हटलं, "आधी हा ठेव. मग बाळ." तिने हसत ठेवला, एक बटण दाबलं, आकडे शून्य झाले. "आता ठेवा. लोखंड धरणार नाही तो." अडीचच्या वर भरली, थोडीशीच, पण स्वतःची. माझी लेक खाटेवरून म्हणते, "आई, तू तर असल्या गोष्टींना हसायचीस." म्हटलं, "हसतेच. तू झोप."

तुझं मी मानलं असं समजू नकोस. बाईंची वजाबाकी मानली, ती तुला तेव्हा पटली नाही म्हणून यंत्राला शिकवावी लागली. पण अडकित्ता पिशवीत मीच टाकला होता. कोणी सांगितलं नव्हतं, आणि आता राहते त्या डोंबिवलीहून निघताना घराच्या किल्ल्या विसरले, तो नाही विसरले.

हे कागद कुठे धाडायचे नाहीत. तुझ्या त्या मानाच्या डब्यात मी सुके बोंबील ठेवते, त्यातच ठेवीन. वास लागला तर लागू दे, तुला ओळख पटेल. मावशी गेल्या साली तुझ्याकडे आली आहे, तिला मध्ये घालायचं नाही. उत्तर तू द्यायचंस, मला, तुझ्या तोंडाने.